ताम्हण लावायचंय? आधी पाण्याचं बघा

आमच्या चिपळूणकडे ताम्हण मुद्दाम कुणी लावत नाही. वहाळाच्या काठाला, पऱ्याच्या कडेला आपसूक उगवतं आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातं. राज्यफूल आहे ते आपलं. पण शहरातले लोक रोप न्यायला येतात तेव्हा ते बहाव्यासारखं कोरड्या मुरमात लावून मोकळे होतात, आणि मग "नुसतंच उभं आहे" म्हणून फोन करतात. बहावा कोरड्या उतारावरही तग धरतो. ताम्हण मुळात पाणथळीचं झाड. एवढं ध्यानात धरलंत तर निम्मं काम झालं.

बियांपासून रोप करणं सोपं आहे. थंडी सरता सरता झाडावरची लाकडासारखी कडक बोंडं तपकिरी होतात. ती फुटायच्या आत काढून कागदावर पसरून ठेवा. दोन-चार दिवसांत तडकतात आणि आतून चपटं, एका बाजूला पातळ पंख असलेलं बी सुटतं. पंखा चालू असेल तर सगळं घरभर होतं, आधीच सांगते. बरंच बी पोकळ निघतं, तेव्हा मोजूनमापून नको, सढळ हाताने पेरा. लाल माती, रेती आणि चाळलेलं शेणखत यांवर बी भुरभुरवायचं, वरून चिमटीने माती. खोल गाडलंत की संपलं. पाणी झारीनेच. चार-सहा पानांवर आली की रोपं पिशवीत हलवा आणि जमिनीत लावायला पुढच्या पावसाळ्याची वाट बघा.

विकत घेणार असाल तर पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं उंच रोप घेऊ नका. कमरेएवढं ठणठणीत रोप त्याला मागे टाकतं. आणि गुलाबी उमलून पांढरट होत जाणारी फुलं दिसली तर ती ताम्हणाची जातभाई. छान असते, पण आपलं ताम्हण नव्हे.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल. त्यात शेणखत, आणि वाळवीचा त्रास असेल तर मूठभर निंबोळी पेंड. भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब, विजेच्या तारांखाली मुळीच नको, आणि ऊन दिवसभर हवं. सावलीत झाड वाढेल, पण फुलायला कुरकुरेल. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बुंध्याभोवती आळं भरून पाणी आणि वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. युरियाचा मोह नको, नुसता पाला माजतो.

हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात. झाड मेलं म्हणून घाबरू नका, उपटू तर अजिबात नका.

छाटणीचं मात्र नीट ऐका. ताम्हणाला फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्याला. त्यामुळे जानेवारीअखेर, पानं झडलेली असताना, जुन्या बोंडांचे घोस आणि वाळक्या काड्या काढायच्या, तेवढंच. एका सोसायटीत दरवर्षी एप्रिलमध्ये 'पावसाळापूर्व' म्हणून शेंडे सपासप उडवतात आणि आमचं झाड वांझ निघालं म्हणतात! धोक्याची फांदी असेल ती काढा, पण तुरे तोडून काय मिळवता?

बियाचं झाड फुलायला तीन-चार वर्षं सहज घेतं, कधी जास्तही. पहिला तुरा आला की सकाळी जवळ जाऊन बघा: सहा पाकळ्या, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. मध नसतो त्यात, भुंगे येतात ते परागासाठी. तेव्हा कोवळ्या फुटीवर मावा दिसला तर औषधाचा पंप काढू नका. साबणाचं पाणी संध्याकाळी मारा, भुंगे गेल्यावर.