फक्त नक्षी बघून एमटीबीचे (माउंटन बाइकचे) टायर घेताय? आधी या चुका टाळा

मला दर पंधरा दिवसांनी कुणीतरी टायरचा फोटो पाठवतं आणि खाली एकच ओळ असते, "हा कसा आहे, घेऊ का?" फोटो नेहमी वरून काढलेला, नॉब (टायरवरचे रबराचे उंचवटे) दिसतील असा. कडेचा फोटो आजपर्यंत एकानेही पाठवलेला नाही, आणि जे वाचायचं असतं ते सगळं कडेलाच, म्हणजे साइडवॉलवर छापलेलं असतं. वरून सगळेच टायर राक्षसासारखे दिसतात हो.

तर पहिली चूक तीच, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ही मी स्वतः करून बसलोय.

केसिंग न बघता टायर घेणं

केसिंग म्हणजे रबराच्या आतलं कापड. टायर दगडावर फाटणार की टिकणार हे बरंचसं यावर ठरतं. गंमत अशी की एकाच नावाचा, एकाच नक्षीचा टायर तीन-चार वेगवेगळ्या केसिंगमध्ये मिळतो. मॅक्सिस कंपनीच्या टायरमध्ये एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन, डीएच असे प्रकार आहेत, श्वाल्बे कंपनीच्या टायरमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. लोक म्हणतात "मी मिनियन घेतला" (मिनियन हे मॅक्सिसचं एक मॉडेल), अरे पण कुठला मिनियन? हलक्या केसिंगचा आणि डाउनहिलवाला बाजूबाजूला ठेवले तर वरून सारखेच दिसतात, हातात घेतल्यावर कळतं की एक पिशवीसारखा घडी होतोय आणि दुसरा घडी व्हायलाच तयार नाही.

मला एके काळी वजनाचं वेड लागलं होतं. मागचा २९ बाय २.४ इंचाचा टायर काढून मी त्याच नक्षीचा सगळ्यात हलका प्रकार लावला, दोनशे ग्रॅम वाचले म्हणून खूश. पहिल्या दोन राईड झकास, चढावर सायकल उडतेय असं वाटत होतं. तिसऱ्या राईडला, अगदी साध्या उतारावर, वेगही फार नव्हता, मागचं चाक एका धारदार दगडावरून बाजूला घसरलं आणि फस्स. साइडवॉलवर अंगठ्याच्या पेराएवढी चीर. सीलंट (टायरच्या आतला, भोकं बुजवणारा द्रव) माझ्या पाठीवर, बॅगवर, मागून येणाऱ्या मित्राच्या चष्म्यावर. प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) टाकला, आला बाहेर. दोन प्लग एकदम कोंबले, तेही आले बाहेर, कारण प्लग भोकासाठी असतो, चिरेसाठी नाही. मग ट्यूब टाकली तर ती त्या चिरेतून बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर डोकावायला लागली. पाण्याच्या बाटलीचा प्लास्टिकचा तुकडा कापून आतून लावला, तो दोनेकशे मीटर टिकला. पुढे अकरा किलोमीटर क्लीटवाल्या (तळाला पेडलमध्ये अडकवायचा तुकडा असलेल्या) बुटांत चालत, सायकल अर्धी ढकलत अर्धी खांद्यावर. मित्र जाड टायरवाला होता. प्रत्येक वळणावर थांबून माझी वाट बघायचा आणि एक शब्द बोलायचा नाही, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे: मागचा टायर पुढच्यापेक्षा एक पायरी जाड केसिंगचा. अंगाचं जास्त वजन मागे असतं, पुढचं चाक तुम्ही उचलून दगडावरून नेता आणि मागचं तसंच आपटतं, रिमला मार मागेच बसतो. शंभर-दोनशे ग्रॅम वाढले तर वाढू देत. आणि सीटखालच्या पिशवीत एका जुन्या टायरच्या साइडवॉलचा कापलेला तुकडा कायम असतो, चीर पडली की आतून लावायला. बाटलीपेक्षा हजारपट बरा.

टीपीआयच्या, म्हणजे केसिंगच्या एका इंचातल्या धाग्यांच्या, आकड्याला मात्र भुलू नका. ६० म्हणजे एका इंचात कमी आणि जाड धागे, १२० म्हणजे जास्त आणि बारीक धागे, त्यामुळे टायर हलका आणि मऊसूत चालणारा. पण काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे एकत्र मोजतात, कॉन्टिनेंटलवर ३/१८० लिहिलेलं असतं ते म्हणजे ६० चे तीन थर. त्यामुळे आकडा मोठा म्हणजे टायर दणकट, असं काही नाही.

हवा अंगठ्याने बघणं (किंवा टायरवर लिहिलीय तेवढी भरणं)

ही माझी दुसरी दुखरी नस. ग्रिप नाही म्हणून टायर बदलणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम टायर नसतोच, हवा असते. एकाने सहा महिन्यांत दोन जोड्या बदलल्या, "सगळे टायर बेकार, ओल्या मुळांवर थांबतच नाहीत". मी गेज (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लावला तर ४५ पीएसआय! म्हटलं एवढी का, तर म्हणे साइडवॉलवर लिहिलंय. अरे बाबा, ती कमाल मर्यादा आहे, त्याच्यावर जाऊ नका म्हणून लिहिलेली, तेवढी भरा म्हणून नाही. तिथेच उभ्या उभ्या २५ वर आणली, तोच माणूस त्याच मुळांवरून गेला आणि खाली येऊन दोन मिनिटं गप्प. पहिली जोडी तोवर कुणालातरी देऊन टाकली होती त्याने.

कारण सोपं आहे. कडक टायर दगडावरून टणटण उड्या मारतो आणि हवेत असलेल्या टायरला कसली ग्रिप. मऊ टायर दगडाच्या आकाराला बसतो, जास्त रबर जमिनीला लागतं. पण खूप कमी केली तर वळणात टायर खाली लोळल्यासारखा वाटतो, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर कडेतून हवा भसकन सुटते, आणि ट्यूब असेल तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

माझं वजन ७२ किलो, २.४ चे ट्यूबलेस टायर, मी पुढे २१ आणि मागे २४ ठेवतो. हे आकडे कॉपी करू नका, सुरुवात म्हणून घ्या, वजन जास्त असेल किंवा आत ट्यूब असेल तर तीन-चार वाढवा. मग दर राईडला एक-एक पीएसआय कमी करत जा, ज्या दिवशी रिम दगडाला लागल्याचा ठक आवाज येईल त्या दिवशी दोन वाढवा आणि तिथे थांबा. यासाठी कमी प्रेशरचा वेगळा गेज लागतो, कारण पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असतो आणि २० च्या आसपास तो काय दाखवेल ते त्यालाच माहीत. अंगठा तर विसराच, जाड केसिंगचा टायर १५ ला पण अंगठ्याला कडकच लागतो.

"सगळीकडे चालेल असा एक टायर सांगा"

असा टायर नसतो. चिखलाचा टायर म्हणजे उंच नॉब, लांब लांब अंतरावर, म्हणजे चिखल अडकत नाही, पण तोच कडक जमिनीवर नेला तर नॉब वाकतात, वळणात सायकल डुलते आणि नॉबचे कोपरे फाटायला लागतात. कडक जमिनीला ठेंगणे आणि दाट नॉब बरे, ते चिखलात नेले की दहा मिनिटांत चिखल भरून त्यांचा गुळगुळीत डोनट होतो. मी सरळ हिशोब करतो: पुढचा टायर माझ्या ट्रेलवरच्या सगळ्यात वाईट तुकड्यासाठी, मागचा रोजच्या तुकड्यासाठी. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की तोंडावरच पडता.

म्हणूनच रबरही पुढे मऊ आणि मागे थोडं कडक. मॅक्सिसचं मॅक्सग्रिप पुढे आणि मॅक्सटेरा मागे ही जोडी बरेच जण लावतात ती उगाच नाही. मऊ रबर मागे लावलं की ब्रेक मारून मारून खाऊन टाकता. आणि "टिकाऊ पाहिजे" म्हणून दोन्हीकडे सगळ्यात कडक रबर लावणाऱ्यांनी ओला दगड दिसला की उतरून चालावं.

अजून एक, नवीन लोकांसाठी. मॅक्सिसच्या मिनियन डीएचएफसारख्या टायरमध्ये मधल्या आणि कडेच्या नॉबमध्ये मोकळी पट्टी असते. सायकल नीट झुकवली तर कडेचे नॉब जमिनीत रुततात, घाबरत अर्धवट झुकवली तर तुम्ही त्या मोकळ्या पट्टीवरच राहता आणि टायर घसरतो. मग एका राईडमध्ये निकाल, "हाइप आहे नुसती". पाच-सहा राईड तरी द्या की त्याला, आल्या आल्या कसला निकाल लावता.

बाकीच्या, थोडक्यात

मागचा घासलेला टायर पुढे लावून नवा मागे टाकणं: उलटं करा. नवा पुढे, पुढचा मागे, मागचा कचऱ्यात.

टायर किती उरलाय हे फक्त मधल्या नॉबवरून ठरवणं. कडेच्या नॉबच्या मुळाशी बोटाने वाकवून बघा, तिथे चिरा असतील तर वळणात तो नॉब सुटणार.

साइडवॉलवर बाण असतो फिरण्याच्या दिशेचा. बघा.

रुंद टायर अरुंद रिमवर: २.५ चा टायर २१ मिलिमीटर रिमवर बल्बसारखा बसतो आणि वळणात डोलतो, आतून ३० च्या आसपास रिम असेल तरच घ्या. फ्रेममध्ये जागा आहे का तेही आधी मोजा, चिखल धरून.

सीलंट एकदा टाकलं की संपलं असं समजणं. ते दोन-तीन महिन्यांत वाळायला लागतं, कोरड्या गरम हवेत त्याआधीच. चाक काढून कानाशी हलवा, आत डुचमळल्याचा आवाज नाही आला तर भरा.

आणि वॉल्व्हची नट पकडीने कधीच आवळू नका, हाताने जेवढी बसेल तेवढीच, कारण ट्रेलवर ट्यूब टाकायची वेळ आली की आधी तो वॉल्व्ह काढावा लागतो आणि पकड तेव्हा घरी असते.