स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी रुग्णालयात बाग कशी करावी

नागपुरात रुग्णालयाची बाग आखताना चर्चा बहुधा रोपांच्या यादीपासून सुरू होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी मात्र आधी वाट आखावी, मग सावलीची सोय करावी आणि झाडांकडे शेवटी वळावे.

वाट वळसा घेऊन निघाल्या जागीच परत यावी, कारण ती मध्येच संपली तर मागे फिरायचे हे रुग्णाला सुचतेच असे नाही. चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींशेजारून जाण्यासाठी साधारण १.८ मीटर रुंदी ठेवावी. रंग सगळीकडे एकच, फिकट आणि न चमकणारा असावा. मध्येच काळी फरशी आली तर या रुग्णांना ती खड्डा वाटू शकते, चकचकीत फरशी ओली भासते, आणि कठड्याची आडवी सावली पडली तर आजी ती पायरी समजून पायाने चाचपत उभ्या राहतात. म्हणून कठडा बसवण्यापूर्वी त्याची सावली सकाळ-संध्याकाळ कुठे पडेल, ते जागेवर उभे राहून पाहावे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम दाबून भरला नाही, तर फरशा लवकरच वरखाली होतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात लोखंडी बाक हा निव्वळ अविचार आहे. बाक लाकडी, पाठ आणि हात असलेले, सावलीत ठेवावेत. उन्हाळ्यात बाग भल्या सकाळीच उघडावी.

वाफे सुमारे ७५ सेंटिमीटर उंच बांधले, की न वाकता हात पोचतो. त्यांत मोगरा, तुळस, गवती चहा, पुदिना लावावा. कण्हेर, बिट्टी, धोत्रा आणि घाणेरी पूर्ण टाळावीत, कारण रुग्ण पाने-फळे तोंडात घालू शकतात. कीटकनाशकेही याच कारणाने नकोत. पारिजातक हवाच, पण वाटेपासून दूर, कारण ओल्या फुलांवरून पाय घसरतो.

कुंपण मेंदीच्या गर्द झुडपांआड लपवावे. कुलूपबंद फाटक समोर दिसले, की काही रुग्ण ते ओढत बसतात आणि अस्वस्थ होतात. परिचारिकेच्या टेबलावरून मात्र सगळी बाग दिसली पाहिजे.

शेवटी दोन-तीन हलक्या झाऱ्या ठेवाव्यात आणि त्या अर्ध्याच भराव्यात. एकाच कुंडीला दिवसातून चार वेळा पाणी घातले जाणार हे गृहीत धरून तळाची भोके मोठी ठेवावीत.