विज्ञान केंद्र बंद असताना प्रयोग घरोघरी पोचवताय? या चुका टाळा

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर तीनच दिवसांत देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कोल्हापुरातील आमच्या छोट्याशा विज्ञान केंद्रालाही कुलूप लागले. जिथे मुलांनी प्रत्येक वस्तूला हात लावून पाहावा असा आग्रह आम्ही धरत होतो, तिथे हात लावणे हाच धोका ठरला. पुढचे अनेक महिने मोबाइलच्या आधारे कुटुंबांपर्यंत पोचण्याची धडपड आम्ही केली आणि तिच्यात भरपूर चुका केल्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर पाहिलेल्या या शहरात दार अचानक बंद करण्याची वेळ महामारीखेरीजही येऊ शकते, म्हणून त्या चुका इथे मांडत आहोत.

पहिली चूक म्हणजे दालनांचे चित्रीकरण. वक्र आरसे, लोलक, हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू या साऱ्यांचे व्हिडिओ आम्ही हौसेने पाठवले. लोकांनी अंगठे दाखवले, प्रश्न मात्र एकही आला नाही. वक्र आरशाची सगळी गंमत स्वतःचे तोंड वाकडे दिसण्यात असते. दुसऱ्याचे वाकडे तोंड पाहून कुणालाही काही विचारावेसे वाटत नाही. त्याऐवजी स्टीलचा चमचा आतून आणि बाहेरून पाहण्यास सांगितले, तेव्हा लगेच विचारणा सुरू झाली.

दुसरी चूक साहित्याच्या यादीत होती. परदेशी विज्ञान केंद्रांच्या धर्तीवर आम्ही आम्ल-अल्कली ओळखण्यासाठी लाल कोबीचा अर्क काढण्यास सांगितले आणि तो कोबी लक्ष्मीपुरीच्या मंडईतही मिळेना. परसातल्या जास्वंदीचे फूल कोमट पाण्यात ठेवले की तेच काम होते: लिंबाने अर्क गडद गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी प्रसिद्ध केलेली काडेपेटीच्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रचना आम्हाला सर्वांत सोपी वाटली होती. पण सायकलची दुकानेच बंद होती. यादी करताना ‘ही वस्तू आज, याच घरात आहे का’ एवढेच विचारावे.

अल्कलीने लाल होणाऱ्या हळदीच्या कागदाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वाधिक तक्रारी तिथूनच आल्या. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे हळद पाण्यात कालवून कागदावर लावली की पिवळे ठिपके आणि कोरे पट्टे दिसतात. अल्कोहोलमध्ये ते चांगले विरघळते, हे लक्षात घेऊन आम्ही घरातले सॅनिटायझर वापरण्यास सुचवले, आणि हीच आमची सर्वांत वाईट सूचना ठरली. सॅनिटायझर पेट घेते, आणि मुले प्रयोग करतात ते बहुधा स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी. कुठलाही अपघात झाला नाही हे आमचे नशीब. दुसऱ्याच दिवशी आम्ही ती सूचना मागे घेतली. पाण्यातली हळद दाट कालवून दोनदा लावावी आणि कागद सावलीत वाळवावा, एवढ्याने काम भागते.

‘कागद लाल होत नाही’ ही पुढची तक्रार असे. अशा वेळी काय टाकले ते आधी विचारावे. भांडी घासण्याचे द्रवरूप साबण बरेचदा उदासीन (आम्लही नाही, अल्कलीही नाही असे) असतात, त्यांनी हळदीचा रंग बदलत नाही. खाण्याच्या सोड्यानेही बदल फिकाच दिसतो. कपडे धुण्याच्या साबणाची वडी किंवा पापडखार घेतला तर कागद ठळक तांबूस होतो. पानाच्या चुन्याने सर्वांत सुंदर रंग येतो, पण चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तो भाग मोठ्यांनीच करावा.

तिसरी चूक तारखेची होती आणि ती आम्हाला फार काही शिकवून गेली. शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लपते. मुंबईत हा दिवस मेच्या मध्यावर येतो आणि तिकडून आलेला सुबक संदेश आम्ही जसाच्या तसा पुढे ढकलला. दुपारी मंगळवार पेठेतून एका आजोबांचा फोन आला, “काय सर, सावली जाईना की!” जाणार कशी? कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर, त्यामुळे इथला शून्य सावलीचा दिवस ६ मेच्या आसपासच होऊन गेला होता. दुसरा येतो ६ ऑगस्टच्या सुमारास, आणि त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य दिसलाच तर ती बातमी समजावी.

वेळेचाही घोटाळा होतो. पुष्कळ जण ठीक बारा वाजता गच्चीवर जातात आणि निराश होऊन उतरतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडे मध्यान्ह सुमारे तेहतीस मिनिटे उशिरा होते. मेमध्ये त्यातून तीनेक मिनिटे वजा होऊन ती साडेबाराच्या सुमारास येते. बारा वाजता तीस सेंटीमीटरच्या काठीची सावली अजून पावणेचार सेंटीमीटर लांब असते. तारीख आणि वेळ दोन्ही बरोबर असूनही सावली राहिली, तर दोष गच्चीचा असतो. पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो आणि तिच्यावर ठेवलेली बाटली किंचित कलते. गवंड्याचा ओळंबा, किंवा दोऱ्याला बांधलेला नट, शेजारी टांगून बाटली सरळ करून घ्यावी.

त्याच आजोबांनी पुढे विचारले, “किरणोत्सवाला सूर्य अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोचतो, मग मेमध्ये डोक्यावर कसा?” आमच्या साऱ्या व्हिडिओंना मिळाला नव्हता तो प्रश्न असा एका फसलेल्या प्रयोगातून मिळाला. किरणोत्सव म्हणजे मावळतीचे किरण कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात आतवर जाण्याचे दिवस. तेव्हा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीवर, सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो. तो पश्चिमेपेक्षा थोडा दक्षिणेकडे, दोन्ही वेळी जवळपास एकाच ठिकाणी मावळतो, म्हणून किरण वर्षातून दोनदा त्याच वाटेने आत येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये किरणोत्सवाच्या वेळी मंदिर भाविकांसाठी बंद होते; पण मावळतीची जागा आपापल्या गच्चीवरून, समोरच्या टाकीच्या किंवा झाडाच्या संदर्भाने, अनेक घरांनी नोंदवून ठेवली. सूर्य क्षितिजाला टेकून तांबडा झाल्याशिवाय त्याच्याकडे पाहायचे नाही, ही अट मात्र आम्ही प्रत्येकाला घातली होती.

सूर्यग्रहणाचे थोडक्यात सांगतो. २१ जून २०२० चे ग्रहण आपल्याकडून खंडग्रास होते. एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काच वापरू नये, हे सर्वांनी ऐकलेले असते. सूचिछिद्राचा, म्हणजे बारीक छिद्रातून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडण्याचा, प्रयोग का फसतो, हे कुणी सांगत नाही. छिद्र पुठ्ठ्यात पेन खुपसून केलेले असते आणि पडदा वीतभर अंतरावर असतो. छिद्र मिलिमीटरभर हवे आणि पडदा किमान एक मीटर दूर. तेव्हा कुठे सूर्याची सुमारे नऊ मिलिमीटरची प्रतिमा मिळते. वीतभर अंतरावर दिसतो तो छिद्राचा आकार, सूर्याचा नव्हे.

संदेश पोचण्यातल्या चुका क्षुल्लक दिसतात, पण सर्व मेहनत त्यांतच वाया जाते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर निम्मी कुटुंबे आम्हीच त्यांना विसरलो असे समजत होती. कारखाने सुरू झाल्यावर घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर शिरोलीच्या एमआयडीसीत जाऊ लागला, म्हणून सकाळी अकराचा संदेश आम्ही रात्री आठनंतर नेला. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांवर रेंज मिळत नसल्यामुळे तिथे साधा फोन आणि चार ओळींचा मजकूरच उपयोगी पडला.

स्पर्धा घेऊ नयेत. आम्ही एकदा घेतली, तेव्हा इतकी देखणी प्रतिकृती आली की ती कुणाच्या बाबांनी केली एवढेच ओळखायचे उरले होते. नंतर आम्ही फसलेल्या प्रयोगांचे फोटो मागवले आणि उत्तर त्याच संध्याकाळी देण्याचा नियम केला, कारण दोन दिवसांनी दिलेले उत्तर मुलाला नकोसे झालेले असते.

शेवटी दालनांबद्दल. उघडण्याच्या तयारीत आम्ही अॅक्रिलिकच्या पेट्या सॅनिटायझरने पुसल्या आणि काही आठवड्यांत त्यांवर केसासारख्या भेगा पडल्या. अल्कोहोलने अॅक्रिलिक तडकते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरेसे असते. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशीचे जाळेही आले होते. भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत आणि दर पंधरवड्याला डबा उघडून पाहण्यासाठी एका माणसाकडे किल्ली असावी.