जेफरसन शिकवण्यापूर्वी शिक्षकाने करावयाची तयारी

टॉमस जेफरसन हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. त्यांचा कार्यकाळ १८०१ ते १८०९. त्यांच्यावर तीन तासिका घ्यायच्या असतील, तर तयारी चरित्रापासून नव्हे, दोन कागदांपासून सुरू करावी. पहिला कागद म्हणजे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला, सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे सांगणारा परिच्छेद. दुसरा कागद त्याआधी सात वर्षांचा, सप्टेंबर १७६९ मधला: जेफरसन यांनी ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये दिलेली जाहिरात, जिच्यात सँडी नावाचा, सुमारे पस्तीस वर्षांचा, डाव्या हाताने जोडे शिवणारा गुलाम पळाला असून त्याला परत आणणाऱ्यास बक्षीस मिळेल, असे म्हटले आहे. दोन्ही उताऱ्यांचे सोपे मराठी भाषांतर स्वतः करून ते एकाच पानावर छापून घ्यावे आणि लेखकाचे नाव मात्र छापू नये. दोन्ही मजकूर एकाच माणसाचे आहेत हे मुलांना वाचून झाल्यावर कळले, तर पुढच्या चर्चेसाठी शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

‘गुलामगिरी’ हा शब्द फळ्यावर लिहिताना महात्मा फुले यांचे १८७३ चे त्याच नावाचे पुस्तक आठवणारच. ते त्यांनी गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते, म्हणून त्या अर्पणपत्रिकेची एक प्रत जवळ ठेवावी. आकडेही हाताशी असावेत: १८०० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ५३ लाख होती आणि त्यांपैकी नऊ लाखांच्या आसपास माणसे गुलाम होती. जेफरसन यांच्या घरातील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांच्याविषयी मोठी मुले विचारतातच. १९९८ मधील डीएनए चाचणी आणि उपलब्ध कागदपत्रे यांच्या आधारे बहुतेक इतिहासकार त्यांच्या मुलांचे पितृत्व जेफरसन यांच्याकडे देतात, आणि नकार देण्याचा कायदेशीर हक्क त्या स्त्रीला नव्हता, एवढे उत्तर आधीच लिहून ठेवावे. आयत्या वेळी शब्द घसरतात.

दुसऱ्या तासिकेसाठी उत्तर अमेरिकेचा कोरा नकाशा लागेल. त्यावर मिसिसिपी नदी आणि न्यू ऑर्लिन्स आधी दाखवावे, कारण पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा माल याच बंदरातून बाहेर जात असे आणि लुईझियाना या फ्रान्सच्या ताब्यातील प्रदेशाच्या खरेदीचे मूळ तिथे आहे. हैतीतील गुलामांचा उठाव आणि पिवळ्या तापाने खचलेले फ्रेंच सैन्य यांमुळे नेपोलियनला हा प्रदेश नकोसा झाला, आणि ३० एप्रिल १८०३ च्या तहाने दीड कोटी डॉलरला सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आजच्या भारताच्या जवळपास दोन तृतीयांश क्षेत्रफळाचा, प्रदेश अमेरिकेच्या नावावर झाला. त्या भूमीवर मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती राहत होत्या आणि फ्रान्सने विकला तो केवळ आपला दावा, ही गोष्ट नकाशा रंगवण्याआधी सांगावी. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मराठे आणि इंग्रज यांच्यात असईची लढाई झाली. वर्गातल्या कालपट्टीवर या दोन तारखा शेजारी लावल्या की १८०३ हे साल मुलांना दूरचे वाटत नाही.

१८०० च्या निवडणुकीसाठी सोळा चिठ्ठ्या पुरतात. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना निर्वाचक मंडळाची प्रत्येकी ७३ मते पडली, निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होते. वर्गाचे सोळा गट करून आठ मते जेफरसन यांना, सहा बर यांना आणि दोन राज्ये आपसांतच विभागलेली अशी मांडणी करावी. बहुमताला नऊ लागतात, म्हणून कोंडी फुटत नाही. प्रत्यक्षात ती छत्तिसाव्या फेरीत फुटली. त्या काळचा डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्ष म्हणजे आजचे दोन पक्ष नव्हेत, हे ओघात सांगावे.

शेवटच्या तासिकेला प्रत्येकासाठी एक कोरा कागद ठेवावा. जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारले. आपल्या थडग्यावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ एवढीच तीन कामे कोरावीत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. राष्ट्राध्यक्षपदाचा त्यात उल्लेख नाही. कर्ज एवढे होते की जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो या त्यांच्या मळ्यावर १३० गुलामांच्या विक्रीचा लिलाव पुकारला गेला. हे सांगून झाल्यावर मुलांना त्या तीन ओळींखाली चौथी ओळ लिहायला सांगावी आणि कागद नावे न लिहिता गोळा करावेत.