स्क्रीनशॉटचं कॅप्शन: किती लांब, आणि पूर्णविराम का नको

अ‍ॅपच्या मेटाइन्फो फाइलमधे (लिनक्सच्या अ‍ॅप स्टोअरला अ‍ॅपची माहिती देणारी, अ‍ॅपस्ट्रीम नावाच्या ठरलेल्या पद्धतीची एक्सएमएल फाइल) डिस्क्रिप्शन सगळे मन लावून लिहितात, आणि स्क्रीनशॉटच्या कॅप्शनवर आलं की "मुख्य विंडो" एवढं टाकून मोकळे होतात. पण अ‍ॅप शोधणारा माणूस आधी चित्रं बघतो, डिस्क्रिप्शनपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून या ओळीला थोडा वेळ द्याच.

लांबीचं आधी. अ‍ॅपस्ट्रीमचा व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारं टूल, 100 कॅरॅक्टरच्या वर गेलात की कॅप्शन लांब झालंय म्हणून सांगतो. पण ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत भरायलाच पाहिजे असं काही नाही, मी तरी 50 च्या आतच ठेवते. आणि मराठीत लिहिणार असाल तर मोजताना सांभाळा, कारण युनिकोडमधे काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "स्क्री" हे आपल्याला एक अक्षर दिसतं पण त्यात 6 कॅरॅक्टर आहेत! बाइट मोजणारं टूल असेल तर अजून गोंधळ, यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कॅरॅक्टर 3 बाइट घेतो.

शेवटी पूर्णविराम नको. कॅप्शन म्हणजे चित्राचं लेबल, मथळ्यासारखं, आणि मथळ्याला आपण टिंब देत नाही. अ‍ॅपस्ट्रीम-ग्लिब या जुन्या लायब्ररीचा व्हॅलिडेटर तर शेवटी टिंब दिसलं की अडवायचाच. मधे टिंब द्यावंसं वाटलं तर समजा दोन वाक्यं झालीत, एक काढा. स्वल्पविराम चालतो. उद्गारचिन्ह अजिबात नको, ती जाहिरात वाटते.

"या विंडोमधे तुम्हाला तुमच्या खर्चाचा आलेख अगदी सहज बघता येतो!" याच्याऐवजी "महिन्याच्या खर्चाचा आलेख" लिहा, 24 कॅरॅक्टरमधे काम झालं. "या विंडोमधे" कशाला, विंडो समोरच आहे ना. अ‍ॅपचं नाव पण परत नको. मात्र ज्याला चित्र दिसत नाही त्याला नुसत्या ओळीवरून काय आहे ते कळलं पाहिजे, म्हणून "स्क्रीनशॉट 2" असलं काही ठेवू नका.

अँडचं चिन्ह (&) एक्सएमएलमधे तसंच टाकलं तर फाइल मोडते, सरळ "आणि" लिहा.

भाषांतर करणाऱ्यांना कॅप्शनची ओळ बरेचदा चित्राशिवाय एकटीच दिसते, तेव्हा "इथे बदला" यातून त्यांना काहीच कळणार नाही, "थीमचा रंग बदला" असं पूर्ण लिहा.