गावामागच्या मामा तलावापर्यंत पायी कसं जावं

भंडारा-गोंदियाकडे टेकडी दिसली की तिच्या पायथ्याशी तलाव शोधावा, बहुधा सापडतोच. दोन टेकड्यांमधली जागा मातीच्या पाळीने अडवून धानासाठी पाणी साठवायचं, हे काम इथल्या कोहळी समाजाच्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली आणि तलावांना नाव चिकटलं माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’. नवेगावबांधच्या मोठ्या तलावावर सगळेच जातात. मी सांगतोय ते गावामागच्या लहानशा तलावाबद्दल: तासाभराची पायवाट, आणि वाटेवर ढोरं सोडली तर कोणी नाही.

आधी हद्द तपासा. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही. बाहेरच्या जंगलातही वाघ-बिबट असतात, म्हणून त्या भागातल्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय निघू नका. तो नको म्हणाला तर दुसरा तलाव निवडा. इथे तलावांची टंचाई नाही.

मग पानठेल्यावर चौकशी. “किती दूर आहे?” असं विचारू नका, उत्तर ठरलेलं: “हे काय, इथंच!” त्याऐवजी विचारा, सकाळी सुटलेली ढोरं पाण्यावर किती वाजता पोचतात. जमलं तर एखाद्या गुराख्यालाच सोबत घ्या, आणि त्याची दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून मोह गळायला लागतो आणि पहाटे फुलं खायला अस्वलं येतात. तेव्हा न गेलेलंच बरं. हिवाळ्यातही ऊन चांगलं वर आल्यावर निघा. माणशी दोन लिटर पाणी, काठी, बूट. पँट जाड हवी, नाही तर गवताची कुसळं मोज्यातून काढण्यातच परतीचा वेळ जातो.

खरी गोम वाट ओळखण्यात आहे. ढोरांची वाट चराईच्या जागी दहा ठिकाणी फुटते आणि विरून जाते. माणसाची ओळखायची ती फांद्यांवरून: ढोरवाटेवर झुडपं कमरेच्या उंचीला एकमेकांत मिसळलेली असतात, खालून बोगद्यासारखी मोकळी. सरपणाची मोळी डोक्यावर नेणाऱ्या बाईच्या वाटेवर मात्र फांद्या वरपर्यंत तोडलेल्या दिसतात, कुऱ्हाडीचा तिरपा घाव स्पष्ट कळतो. फाटा आला की तो घाव शोधा. वाटेत शेणासारखा काळसर ढीग आणि त्यात बोराच्या बिया दिसल्या, तर ते अस्वलाचं. मोठ्याने बोलत मागे फिरा. एरवी मात्र बडबड कमी.

पाळीवर ताठ उभे राहून चढू नका. वाकून, डोकंच तेवढं वर काढा. अडई बदकं पाण्यावर असतील तर पहिल्या पाच मिनिटांतच दिसतात, एकदा शिट्ट्या मारत उडाली की बसा वाट बघत. गोंदिया भागात नशिबाने सारस जोडीही दिसते. पाण्यात उतरू नका: कडेला गाळ असतो, आत ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जाळी.

दुपारी तीनला तिथून उठा. टेकडीआड सूर्य लवकर जातो आणि झाडीत तर त्याआधीच अंधारतं. परतल्यावर पानठेल्यावर तोंड दाखवून जा, नाही तर रात्री कोणीतरी टॉर्च घेऊन शोधायला निघतं. मी दुसऱ्या वाटेने थेट गाडीकडे गेलो होतो, तेव्हा माझ्यासाठी चौघं निघाले होते.