चार्जर जोडलेला, तरी बॅटरी ६० टक्क्यांवरच

माझ्या लिनक्स लॅपटॉपची बॅटरी चार्जर लावूनही ६० टक्क्यांच्या पुढे जाईना, तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) नेमकी स्थिती पाहावी असे मी ठरवले. बॅटरीची माहिती देणाऱ्या ‘यूपॉवर’ कमांडने पूर्ण चार्जची क्षमता ४३.२ वॉट-तास आणि मूळ क्षमता ४८ वॉट-तास दाखवली; म्हणजे बॅटरी ९० टक्के शाबूत होती. (पडद्यावरची टक्केवारी आजच्या पूर्ण क्षमतेच्या तुलनेत असते, मूळ क्षमतेच्या नव्हे, त्यामुळे झीज तिच्यावरून कळत नाही.)

मग हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘सिस’ फोल्डरच्या ‘पॉवर सप्लाय’ विभागातील बॅटरीची ‘स्टेटस’ फाइल ‘कॅट’ने (फाइलमधला मजकूर दाखवणाऱ्या कमांडने) वाचली. तिथे ‘डिसचार्जिंग’ नव्हे, तर ‘नॉट चार्जिंग’ असे होते. म्हणजे चार्जरची वीज पोहोचत होती, पण बॅटरी भरणे कशाने तरी रोखलेले होते. चार्जिंगची वरची मर्यादा ठरवणारी फाइल शेजारीच होती आणि तिच्यात ६० हा आकडा होता, जो बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून मीच पूर्वी घातला होता. रूट अधिकाराने (सिस्टममध्ये बदल करण्याच्या सर्वाधिकाराने) तिथे १०० लिहिताच काही सेकंदांत स्थिती ‘चार्जिंग’ झाली. ही फाइल प्रत्येक लॅपटॉपवर नसते, कारण ती सोय फर्मवेअर (लॅपटॉपच्या हार्डवेअरमध्येच बसवलेले सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (लिनक्सला हार्डवेअरशी जोडणारे सॉफ्टवेअर) यांवर अवलंबून असते.